फँटसी ई-स्पोर्ट्स: खेळाडू निवडण्याआधी गुणांचं कोष्टक वाचा

फँटसी ई-स्पोर्ट्स म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धेतले खरे खेळाडू निवडून आपला कागदावरचा संघ करायचा, आणि त्यांच्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मिळवायचे. ज्यांच्या क्लिप्स मला तोंडपाठ होत्या, ते पाच खेळाडू मी माझ्या पहिल्या फँटसी संघात घेतले. दुसऱ्याच दिवशी त्यातले दोघे स्पर्धेबाहेर गेले. तिसऱ्याच्या संघाने सगळे सामने इतक्या झटपट उरकले की बिचाऱ्याला गुण गोळा करायला सवडच मिळाली नाही. आमच्या आठ जणांच्या लीगमध्ये मी सातवा आलो. आठवा जो होता, तो संघ लावायलाच विसरला होता.

त्यानंतर बऱ्याच स्पर्धा खेळून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: आपण जो खेळ बघतो, तो गुणांच्या कोष्टकाला दिसतच नाही. आपल्याला थरारक शॉट दिसतो, कोष्टकाला एक किल, म्हणजे मारलेला एक शत्रू दिसतो. आपल्याला कंटाळवाणा सपोर्ट (साथीदारांना मदत करणारा) दिसतो, कोष्टकाला चौदा वॉर्ड (नकाशावर नजर ठेवायला लावलेल्या वस्तू) दिसतात. म्हणून नवख्या माणसाने कोष्टकाचे डोळे लावून खेळ बघायला शिकायचं. पुढे उदाहरणं डोटा २, काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंटची आहेत, पण पद्धत कुठल्याही खेळाला चालते. आणि हे सगळं मित्रांच्या, फुकटच्या लीगसाठी आहे. पैसे लावून खेळण्याबद्दल मी काही सांगणार नाही.

पहिली पायरी: कोष्टक वहीत उतरवून काढा

वाचून सोडू नका, हाताने उतरवा. लिहिताना जे लक्षात येतं ते स्क्रीनवर नजर फिरवताना येत नाही.

डोटा २ ची सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे ‘द इंटरनॅशनल’, सगळे तिला टीआय म्हणतात. तिच्या फँटसीत काही वर्षं एक कोष्टक चालायचं. पुढे पद्धत बदलली, पण शिकण्यासाठी ते जुनं कोष्टक मला अजून उत्तम वाटतं. एका किलला ०.३ गुण. मृत्यूसाठी सुरुवातीला ३ गुण हातात, आणि दर मृत्यूमागे ०.३ वजा. मारलेल्या दर क्रीपला, म्हणजे संगणकाने चालवलेल्या प्याद्याला, ०.००३. मिनिटाला जितकं सोनं, त्याच्या ०.००२ पट. शत्रूचा टॉवर पाडला की १, रोशन नावाचा बलाढ्य राक्षस मारला की १. टीमफाइटमधल्या (दोन्ही संघांच्या एकत्र लढाईतल्या) सहभागाला जास्तीत जास्त ३. लावलेल्या दर ऑब्झर्व्हर वॉर्डला ०.५, रचून ठेवलेल्या दर कॅम्पला (जंगली प्राण्यांच्या अड्ड्याला) ०.५, रूनला (नकाशावर उगवणाऱ्या बक्षिसाला) ०.२५. शत्रूला स्टन केलेल्या, म्हणजे जागच्या जागी जखडलेल्या, दर सेकंदाला ०.०५. आणि फर्स्ट ब्लडला ४.

इथेच थांबा आणि तो शेवटचा आकडा परत बघा. सामन्यातला पहिला किल एकट्याने ४ गुण देतो, म्हणजे जवळजवळ तेरा साध्या किलइतके. कोण सुरुवातीलाच आक्रमक खेळतो, कोणता संघ पहिल्याच रूनवर भांडण काढतो, हे तुम्ही आजवर कधी मोजलं होतं? मीही नव्हतं.

आता दोन खेळाडू समोरासमोर ठेवू. पहिला कॅरी, म्हणजे सोनं जमवून शेवटी सामना ओढणारा: १० किल, २ मृत्यू, ३५० क्रीप, मिनिटाला ७०० सोनं, ३ टॉवर, १ रोशन, साठ टक्के टीमफाइट, १० सेकंद स्टन. हिशेब असा: किलचे ३, मृत्यूचे २.४, क्रीपचे १.०५, सोन्याचे १.४, टॉवरचे ३, रोशनचा १, टीमफाइटचे १.८, स्टनचे ०.५. एकूण १४.१५.

दुसरा सपोर्ट: २ किल, ८ मृत्यू, ४० क्रीप, मिनिटाला २८० सोनं, पंचाहत्तर टक्के टीमफाइट, १४ वॉर्ड, ५ कॅम्प, ६ रून, ४० सेकंद स्टन. किलचे ०.६, मृत्यूचे ०.६, क्रीपचे ०.१२, सोन्याचे ०.५६, टीमफाइटचे २.२५, वॉर्डचे ७, कॅम्पचे २.५, रूनचे १.५, स्टनचे २. एकूण १७.१३.

आठ वेळा मेलेला माणूस दहा किल घेणाऱ्याच्या पुढे तीन गुणांनी! स्टँडमध्ये ज्याच्या नावाचा जयजयकार चालला होता तो मागे, आणि अंधारात वॉर्ड खुपसत फिरणारा पुढे.

पण म्हणून पाचही सपोर्ट घेता येत नाहीत, कारण जागा ठरलेल्या असतात: टीआयच्या फँटसीत दोन कोअर (कॅरीसारखे मुख्य लढणारे), एक मिड (मधल्या वाटेवरचा), दोन सपोर्ट अशी मांडणी असायची. म्हणजे कॅरी आणि सपोर्टची तुलना करून हाती काही लागत नाही. तुलना सपोर्टची सपोर्टशी. आणि तिथे खरा प्रश्न येतो: या संघात वॉर्ड लावतो कोण? संघात दोन सपोर्ट असतात, चौथ्या आणि पाचव्या पोझिशनचा (पोझिशन म्हणजे संघातल्या सोन्यावरच्या हक्काचा क्रम). वॉर्डचा मोठा भार बहुतेक पाचव्यावर, पण प्रत्येक संघाची वाटणी वेगळी. काही ठिकाणी दोघे जवळजवळ निम्मे-निम्मे लावतात. मग दोघांपैकी कोणीच फार गुण देत नाही. जिथे एकच माणूस सगळे वॉर्ड लावतो, तो घ्या. मागच्या पाच-सात सामन्यांच्या निकालाच्या पानावर वॉर्डचा रकाना असतो, दहा मिनिटांचं काम आहे.

तुमच्या खेळाचं कोष्टक वेगळं असेल, प्रश्न मात्र तेच. सगळ्यात जड आकडा कुठला? तो कोणाच्या वाट्याला येतो? आणि एक महत्त्वाचा: गुण एकूण आकड्यांवर आहेत की सरासरीवर? काउंटर-स्ट्राइकच्या एचएलटीव्ही या साइटवर खेळाडूचं रेटिंग फेऱ्यांच्या हिशेबाने निघतं, १.०० म्हणजे सर्वसाधारण कामगिरी. तिथे १३-२ असा, म्हणजे तेरा फेऱ्या जिंकून दोनच हरल्याचा, एकतर्फी विजय खेळाडूचं नुकसान करत नाही. पण जिथे प्रत्येक किलचे गुण मोजले जातात, तिथे तोच १३-२ चा विजय महागात पडतो, कारण पंधराच फेऱ्यांत किल करणार किती? अशा कोष्टकात १३-११ ने हरणाऱ्या संघाचा चांगला खेळाडूही १३-२ ने जिंकणाऱ्याच्या पुढे निघू शकतो. माझा तो तिसरा खेळाडू असाच फसला होता.

दुसरी पायरी: कोण किती खेळणार ते मोजा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या मते अर्धी स्पर्धा इथेच जिंकली जाते. जो खेळतच नाही त्याला गुण मिळत नाहीत, आणि जो दुप्पट खेळतो त्याला साधारण खेळूनही दुप्पट मिळतात.

स्विस पद्धत घ्या. काउंटर-स्ट्राइकच्या मेजर, म्हणजे सर्वात मोठ्या, स्पर्धांत ती अनेक वर्षं आहे, लीग ऑफ लेजेंड्सच्या विश्वविजेतेपदात २०२३ पासून आली. सोळा संघ, तीन विजय झाले की पुढे, तीन पराभव झाले की घरी. समजा साधे सामने एका मॅपचे (मॅप म्हणजे एका नकाशावरचा एक डाव) आहेत, आणि पुढे जाण्याचा किंवा बाहेर पडण्याचा निकाल लागणारे सामने म्हणजे तीनपैकी दोन मॅप जिंकायच्या मालिका. जो संघ ३-० ने पुढे जातो तो खेळतो दोन एकेक मॅपचे सामने आणि एक मालिका, म्हणजे ४ किंवा ५ मॅप. जो रखडत ३-२ ने जातो तो खेळतो दोन-तीन एकेक मॅप आणि बाकीच्या दोन-तीन मालिका, म्हणजे ७ ते ११ मॅप. ३-२ वाल्याचा खेळाडू जवळजवळ दुप्पट मॅप खेळला! गुण एकूण धरले जात असतील, तर सर्वात भारी संघापेक्षा मधल्या फळीतला झगडणारा संघ जास्त फायद्याचा. विजयाला मोठा बोनस असेल, तर पारडं परत भारी संघाकडे झुकतं. म्हणून कोष्टक आधी.

डबल एलिमिनेशनमध्येही, म्हणजे पहिल्या पराभवानंतर खालच्या बाजूला आणि दुसऱ्यानंतर घरी अशा पद्धतीतही, तेच. आठ संघांच्या ब्रॅकेटमध्ये (सामन्यांच्या तक्त्यात) जो वरच्या बाजूने सरळ अंतिम सामन्यात जातो तो एकूण चार सामने खेळतो. पहिलाच सामना हरून खालच्या बाजूने अंतिम सामन्यापर्यंत पोचणारा सहा. २०२१ मध्ये बुखारेस्टच्या टीआयमध्ये टीम स्पिरिट मुख्य फेरीतला पहिलाच सामना हरले, खालच्या ब्रॅकेटमधून एकेकाला बाहेर काढत वर आले आणि अंतिम सामन्यात पीएसजी.एलजीडीला ३-२ ने हरवून जिंकले. असा संघ ज्याच्या हातात असतो त्याला फँटसीत मागे वळून बघावं लागत नाही. अर्थात, कोण खालून वर येणार हे आधी कळत नाही, आणि ‘मुद्दाम हरणारा संघ घेऊ’ असला डोकेबाजपणा करू नका. तीन सामन्यांत दोन हरून बाहेर पडणारे संघ त्याहून कितीतरी जास्त असतात.

काही फँटसींत टप्प्यातली सर्वोत्तम मालिका किंवा सर्वोत्तम दोन गेमच धरतात. तिथे सामन्यांची संख्या गुणांत थेट बेरीज होऊन येत नाही, पण प्रत्येक जादा सामना म्हणजे चांगला दिवस लागण्याची आणखी एक संधी.

करायचं काय? कागदावर ब्रॅकेट काढा. प्रत्येक संघासमोर अंदाजे किती मॅप खेळेल तो आकडा लिहा. अर्धा-पाऊण तास लागतो. अंदाज चुकतात, पण न काढलेल्या अंदाजापेक्षा चुकलेला अंदाज बरा, कारण निदान कुठे चुकलं ते कळतं.

तिसरी पायरी: चुकीच्या कप्प्यातले खेळाडू शोधा

मला सगळ्यात मजा या पायरीत येते. फँटसीवाले खेळाडूंना भूमिकेचे शिक्के मारतात, आणि ते शिक्के बऱ्याचदा जुने असतात.

व्हॅलोरंटमध्ये एजंटचे, म्हणजे खेळातल्या पात्रांचे, चार प्रकार: ड्युएलिस्ट, इनिशिएटर, कंट्रोलर, सेंटिनल. ड्युएलिस्ट पुढे घुसतो, त्याला किल जास्त मिळतात. सेंटिनल मागे राहून जागा राखतो, किल साधारणपणे कमी. आता एखाद्या खेळाडूवर शिक्का सेंटिनलचा आहे, पण गेल्या महिन्यात संघात बदल झाला आणि तो दोन-तीन मॅपवर ड्युएलिस्ट खेळायला लागला. सेंटिनलच्या जागेत ड्युएलिस्टचे गुण! असा एक जरी सापडला तरी बाकीचं गणित थोडं चुकलं तरी चालतं.

डोटातही पोझिशन बदलतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये आयजीएल, म्हणजे संघाला डावपेच सांगणारा, बहुतेकदा कमी किल घेतो. त्याच्या डोक्यात दुसऱ्यांचं काम जास्त असतं. संघाने ती जबाबदारी दुसऱ्याकडे दिली की मोकळा झालेल्या खेळाडूचे आकडे वर सरकू शकतात, आणि फँटसीतली त्याची किंमत मात्र जुनीच राहते. अशा बातम्या स्पर्धेच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत येतात. वाचत राहा.

चौथी पायरी: बजेट की ड्राफ्ट

फँटसीचे दोन मुख्य प्रकार. एकात प्रत्येक खेळाडूला किंमत असते आणि बजेटमध्ये संघ बसवायचा, कोणीही कोणालाही घेऊ शकतो. एचएलटीव्हीच्या फँटसीत पाच खेळाडू, दहा लाख डॉलरचं काल्पनिक बजेट आणि एका संघातले जास्तीत जास्त दोन, असा साचा आहे. म्हणजे सरासरी दोन लाखांचा एक.

नवखा माणूस पाचही दोन-दोन लाखांचे घेतो. सुरक्षित वाटतं. पण समजा तुमच्या अंदाजाने दोन लाख चाळीस हजारवाला ४८ गुण देईल, दोन लाखवाला ३८, आणि एक लाख साठ हजारवाला ३३. दोन मधले मिळून ७६. एक महाग आणि एक स्वस्त मिळून तेवढ्याच पैशांत ८१. जागा पाचच असल्याने वरच्या माणसाचे जादा गुण दुसरीकडून भरून काढता येत नाहीत. सगळं अवलंबून असतं ते स्वस्तातला माणूस उभा राहतो का यावर. तो ३३ ऐवजी २४ वर आला की गणित कोसळलं. म्हणून माझा जास्तीत जास्त वेळ महागड्यांवर जात नाही, ते कोण आहेत हे सगळ्यांनाच माहीत असतं. वेळ जातो दोन स्वस्त खेळाडूंवर: त्यांचा संघ किती मॅप खेळेल, भूमिका काय, शेवटचे दहा सामने कसे गेले.

किंमत मागच्या कामगिरीवरून ठरते, हेही ध्यानात असू द्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयईएम काटोवित्से या काउंटर-स्ट्राइकच्या मोठ्या स्पर्धेत सतरा वर्षांचा डोंक टीम स्पिरिटकडून खेळला आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एवढ्या मोठ्या मंचावरचा त्याचा अनुभव तेव्हा जेमतेम होता. असे खेळाडू दर वर्षी निघत नाहीत, पण नव्याने वर आलेल्या पोरांवर एक जागा खर्च करायला मी कचरत नाही.

दुसरा प्रकार ड्राफ्टचा: एक खेळाडू एकाच्याच वाट्याला. क्रम बहुधा सापासारखा वळतो. आठ जण आणि पाच जागा असतील तर पहिल्याला १, १६, १७, ३२ आणि ३३ वी निवड मिळते, आठव्याला ८, ९, २४, २५ आणि ४०. इथे ‘सगळ्यात भारी कोण’ हा प्रश्न चुकीचा. प्रश्न असा विचारायचा: हा आत्ता सोडला तर पुढच्या पाळीला त्याच जागेसाठी कोण उरेल? समजा सर्वोत्तम मिड ६० गुणांचा आहे, आणि पुढच्या पाळीला ५७ चा नक्की उरेल. सर्वोत्तम सपोर्ट ५५ चा, पण तो गेला की पुढे ४४ चा. मग आत्ता सपोर्ट उचला. मिड थांबू शकतो. समोरचे मित्र हसतील, हसू द्या.

ड्राफ्टमध्ये अजून एक: प्रत्येक जागेसाठी निदान सहा-सात नावं उतरत्या क्रमाने लिहून बसा. घड्याळ चालू असताना डोकं चालत नाही, आणि घाईत माणूस ओळखीचंच नाव दाबतो.

पाचवी पायरी: बातम्या, पॅच आणि बदली खेळाडू

हे थोडक्यात. स्पर्धा कुठल्या पॅचवर, म्हणजे खेळाच्या कुठल्या आवृत्तीवर आहे ते बघा. खेळाडूचे आकडे जुन्या पॅचवरचे असतील तर अर्धेच मोजा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये २०२३ पासून २४ फेऱ्यांचा सामना आहे, आधी ३० चा होता, त्यामुळे त्याआधीचे एकूण किलचे आकडे आजच्याशी जुळतच नाहीत. स्टँड-इन आहे का ते तपासा. व्हिसा, आजारपण, करार अशा कारणांनी ऐनवेळी बदली खेळाडू येतो, आणि त्याने त्याच्या एकट्याचं नाही तर चौघांचं गणित बिघडतं. जमलेला संघ असेल तर सपोर्टला कॅरी कधी उडी मारणार हे न बोलता कळतं. नवा माणूस आला की ते कळायला वेळ जातो.

आकडे बघताना समोर कोण होतं तेही बघा. पात्रता फेरीत दुबळ्या संघांवर काढलेलं १.३० रेटिंग आणि मोठ्या स्पर्धेतलं १.१५ यात मी डोळे मिटून दुसरं घेईन.

सहावी पायरी: एकाच संघातले दोघे घ्यावेत का?

लीग केवढी आहे त्यावर ठरतं. एकाच संघातले दोघे एकत्र वर जातात आणि एकत्र बुडतात. हजारो लोकांच्या लीगमध्ये पहिलं यायचं असेल तर हा धोका घ्यावाच लागतो, कारण सावधपणे खेळून तिथे माणूस मधेच कुठेतरी राहतो. आठ मित्रांत मात्र मी सहसा एकच जोडी घेतो, तीही ज्या संघाच्या मॅपच्या आकड्याबद्दल माझी खात्री असते त्याच संघाची. जोडी निवडताना दोघे एकाच घासावर टपलेले नसावेत: दोघेही किलवर जगणारे असतील तर एकाचे वाढतात तेव्हा दुसऱ्याचे कमी होतात. एक किलवाला आणि एक वॉर्डवाला, ही जोडी छान जमते.

कॅप्टनला दुप्पट गुण असतील तर कॅप्टन तोच, जो तुमच्या यादीत सगळ्यात जास्त मॅप खेळणार आहे. एका चमकदार सामन्यासाठी कॅप्टनपद वाया घालवू नका.

पहिल्या फेरीत एकमेकांसमोर येणाऱ्या संघांतले दोन खेळाडू शक्यतो टाळा. बाद फेरीत तर नक्कीच. एक घरी जाणार हे ठरलेलंच असतं.

सातवी पायरी: लॉक आणि त्यानंतर

लॉकची, म्हणजे संघ बदलणं बंद होण्याची, वेळ बऱ्याचदा स्पर्धेच्या गावच्या घड्याळाने लिहिलेली असते. ती आपल्या वेळेत बदलून मोबाइलवर दोन गजर लावा, एक तीन तास आधी आणि एक वीस मिनिटं आधी. पहिल्या गजराला बातम्या बघायच्या, दुसऱ्याला जाहीर झालेली लाइनअप. आमचा तो आठवा मित्र आता तीन गजर लावतो.

वीस मिनिटं उरली असताना स्टँड-इन सोडून बाकी कशामुळेही संघ बदलू नका. कोणीतरी ‘अमुक फॉर्मात आहे’ म्हणालं म्हणून शेवटच्या क्षणी केलेले माझे बदल मी एका स्पर्धेत मोजले होते: सात बदल, त्यातले पाच तोट्याचे.

टप्प्यांमध्ये बदल करता येत असतील तर पहिल्या टप्प्यानंतर ब्रॅकेट परत काढा आणि मॅपचे आकडे नव्याने लिहा. पहिल्या दिवशी एखादा खेळाडू पडला म्हणून लगेच काढू नका. त्याने वॉर्ड किती लावले, पहिल्या भांडणात तो होता का, हे बघा. आकडे तेच असतील आणि गुण कमी आले असतील तर बहुतेकदा सामनाच लवकर संपलेला असतो. वॉर्डच निम्मे झाले असतील तर वाटणी बदलली आहे, आणि मग त्याच संघातला दुसरा सपोर्ट बघायची वेळ आली.